धुऱ्यावरचा गडवा

बायको गेल्यापासून मी एका जागी बसत नाही. खाट ओसरीत टाकतो, मग घरामागच्या सांदवाडीत नेतो, ऊन वर आलं की परत ओसरीत. सून म्हणते, मामाजी, खाटेचे पाय झिजतीन. झिजू दे. दिवाळीच्या आधी ती गेली. धान मळून घरात आलं, कापलेल्या बांधीत लाखोळीचं पीक उगवलं, तरी मला वाटतं कोणीतरी आपल्याला बोलावून राहिलं आहे आणि आपल्याला उशीर होऊन राहिला आहे. वरून बिरसीच्या विमानशाळेची ती लहान विमानं जातात. दिवसभर गोल फिरतात, पोचत कुठंच नाहीत. मी खाटेवर पडून त्यांना शिव्या देतो.

अशा एका दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेतली चार पोट्टी फाटकाशी येऊन उभी राहिली. चौथीतली. पुढं एक उंच पोरगी, तिच्या हातात कागद लावलेलं पॅड. तिच्या मागं एक जाडं पोरगं, ते आल्या आल्या आमच्या बोरीकडे पाहायला लागलं. एक चित्रं काढणारं, त्याच्या कानावर पेन्सिल. आणि एक बारकी पोरगी, नाक ओढत सगळ्यांच्या मागं.

"आबाजी, आमच्या गटाले शेत आलं," उंच पोरगी म्हणाली.

"कोणी वाटणी केली?" मी म्हटलं. "आम्हालाही एखादा धुरा ठेवा."

ती हसली नाही. मास्तरणीसारखं तिनं सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या मॅडमनं, म्हणजे गोंदियाहून स्कुटीवर येते ती, वर्गाचे गट पाडले होते आणि फळ्यावर लिहिलं होतं, आपल्या गावात कोणाला काय मना होतं? एका गटाला तलावाचा घाट, एकाला चहाच्या हॉटेलातले कप, एकाला देवळाची पायरी, एकाला खुद्द शाळा. यांना शेत. मोठ्या लोकांचे मोठे लढे पुस्तकात आहेत, ते मी शिकवीन, मॅडम म्हणाली. पण आपल्या गावात काय झालं ते कोणत्याच पुस्तकात नाही, ते तुम्हीच शोधून आणा. आधी गोल बसून अंदाज करायचा, मग म्हाताऱ्यांना विचारायचं, मग दोन्ही जुळवून पाहायचं. सव्वीस जानेवारीला सगळ्या गावासमोर तक्ता लावायचा आणि नाटक करून दाखवायचं.

मी स्वतः चौथीपर्यंत शिकलो, तेही शाळेच्या ओट्यावर बसून. आत जागा होती, आमच्यासाठी नव्हती. ते विचारायला आता शाळाच पोट्टे पाठवते, याचं मला हसू आलं. पण त्यांना शाळा नको होती, शेत पाहिजे होतं. मग मी माझ्या बायकोची गोष्ट सांगितली. ती सांगताना मी उभा राहतो. विहारात सांगतो तेव्हाही उभा राहतो.

गोष्ट अशी. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या बाया पाटलाच्या बांधीत जायच्या. चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत लावत मागं सरकायचं. दुपारी पाटलाच्या घरून पाणी यायचं. पाणी देणारी धुऱ्यावर, बांधीच्या उंच कडेवर, उभी राहायची आणि पिणारी खाली बांधीत. देणारी हात उंच करून गडव्यातून, म्हणजे तांब्यातून, धार सोडायची, पिणारीनं तोंडाखाली ओंजळ धरायची. गडवा कोणाच्या हाताला लागता कामा नये. हाताला चिखल असायचा. तो बांधीतल्याच गढूळ पाण्यात खंगाळायचा आणि त्याच हातानं प्यायचं. याला कोणी जुलूम म्हणत नव्हतं. याला पाणी पिणं म्हणत होते.

माझी बायको त्या वर्षीच लग्न होऊन आली होती. तिनं पाटलाच्या सुनेच्या हातातून गडवा हिसकला, तोंडाला लावला, पोटभर पाणी प्याली आणि मागच्या बाईच्या हाती दिला. तिनं पुढच्या बाईला. त्या रोवण्यात आमच्या बायांना कोणी कामावर घेतलं नाही, त्या दूरच्या गावी पायी जात होत्या. पण पुढच्या वर्षी पाटलाला बाया मिळेनात, तेव्हा बोलावणं आलं. तेव्हापासून गडवा धुऱ्यावर ठेवलेला असायचा. ज्याला तहान लागली त्यानं उचलावा आणि प्यावं.

जाडं पोरगं म्हणालं, मस्त. उंच पोरगीनं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही पायलं का?"

मी कुठून पाहणार? मी गोंदियात राइस मिलमध्ये पोती उचलत होतो. मुर्रीपर्यंत सायकल हाणत यायचो, तिथून पुढं सगळा चिखल, सायकल खांद्यावर. घरी आलो तेव्हा वस्तीत तेच बोलणं चालू होतं.

"मंग कोणी पायलं?"

तेव्हा तिनं मॅडमचा नेम सांगितला. कोणतीही गोष्ट दोन तोंडांनी सांगितली तरच तक्त्यावर जाते. आणि ती दोन तोंडं एका मोहल्ल्यातली चालत नाहीत. एकाच तोंडाची गोष्ट असली तर ती ऐकीव म्हणून बाजूच्या कागदावर, मागच्या भिंतीवर.

"म्हणजे मी खोटा आहो?"

"नाही आबाजी," ती म्हणाली. "तुम्ही एक आहा."

बोरं घेऊन पोट्टे गेले. मी खाट उचलली, सांदवाडीत नेली, परत आणली. माझ्या बायकोचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा, त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. ती शेतात राबराब राबली, ते कुठं नोंदलेलं नाही. गावाला ती माहीत होती ती एका गडव्यापायी. तेवढंही मागच्या भिंतीवर जाणार.

दुसरं तोंड शोधायचं म्हटलं तर त्या दिवशीच्या बायांपैकी बहुतेक गेल्या. एक बालाघाटला लेकीकडे आहे, तिला स्वतःची लेक ओळखू येत नाही. आणि त्या सगळ्या आमच्याच वस्तीतल्या. दुसऱ्या मोहल्ल्यातलं तोंड एकच उरलं होतं, जिच्या हातातून गडवा गेला तिचं. ती तेव्हा पाटलाची सून होती, आता सगळं गाव तिला पाटलीणबाई म्हणते. तिच्या घरची लेकरं पिवळ्या गाडीत बसून गोंदियाच्या इंग्रजी शाळेत जातात, त्यामुळे या पोट्ट्यांची तिथं ओळख नाही. माझी ओळख आहे, पण माझ्या मनात गाठ होती. बायको गेली तेव्हा अर्धं गाव आलं. मुर्रीची माझी बहीण आली, सौंदडहून साळे आले. पाटलीणबाई याच गावात राहते, ती आली नाही.

तरी गेलो. पहिल्यांदा गेलो तर तिचा मुलगा अंगणात ट्रॅक्टर धूत होता, मी हवा भरायला निघालो असं दाखवून सायकल वळवली. नंतर एकदा फाटकापर्यंत गेलो आणि कडुलिंबाखाली उगाच उभा राहिलो. मग स्वतःचाच राग आला आणि सरळ आत शिरलो.

ती उन्हात बसून पोपटीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ये गा. चकरा मारतानी पाहून राहिली होती मी. म्हटलं, पाय दुखले का येईन आत."

मी बसलो नाही. पोट्ट्यांचं सांगितलं, दोन तोंडांचं सांगितलं. म्हटलं, तुम्हाला एवढंच म्हणायचं आहे की तिनं गडवा हिसकला. झालं.

तिनं शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "हिसकला नाही. मीनं देला."

मग ती सांगत गेली आणि मी उभाच राहिलो. तीही त्या वर्षीचीच सून. सासूनं तिला पहिल्यांदा पाणी घेऊन बांधीवर पाठवलं होतं, वरून धार कशी सोडायची तेही घरी करून दाखवलं होतं. बाकीच्या बाया अजून वाकलेल्या, पाठी धुऱ्याकडे. माझी बायको आधी उठून धुऱ्याशी आली आणि तिनं ओंजळ धरलीच नाही. दोन्ही हात मागं घेतले. म्हणाली, हाताला चिखल आहे, मी चिखल पीत नाही. दोघी एका वयाच्या. पाटलीणबाईला कोणी सांगितलंच नव्हतं की ओंजळ नाही धरली तर काय करायचं. ही वाकली आणि गडवा तिच्या हातात दिला. बाया उठून आल्या तेव्हा तो माझ्या बायकोच्या तोंडाला लागलेला होता.

सगळ्या पिऊन गेल्यावर हिच्या ध्यानात आलं काय झालं ते. सासूला कळलं तर माहेरी धाडतील. माझी बायको रिकामा गडवा द्यायला आली आणि हळूच म्हणाली, घरी सांगा, तिनं हिसकला म्हणून. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. मला म्हणतील, कामावर येऊ नको. तेवढंच.

मला राग आला. तो तिनं गडवा दिला म्हटलं त्याचा होता का आणखी कशाचा, सांगता येत नाही. मी म्हटलं, "आता ते बोलायले नाही म्हणून वाटा मांगून राहिल्या का?"

ती चिडली नाही. "मांगायचा असता त सासू मेली तवाच मांगतला असता. तूनं विचारलं म्हणून सांगतलं."

"मंग ते गेली तवा काऊन नाही आल्या?"

बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर तिनं उत्तर दिलं. "आली असती त रडली असती मी. लोक विचारतीन, पाटलीण कायले एवढी रडते? काय सांगू?"

मी निघालो तेव्हा तिनं मागून म्हटलं, "पोट्ट्याईले पाठव. तू हो म्हणशील त खरं सांगन. नाहीत म्हणन, हिसकला. आजवर तेच म्हणत आली. बायको तुयी होती, तूच ठरव."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मी गप्प राहिलो तर दुसरं तोंड माझंच म्हणणं म्हणेल, गोष्ट तक्त्यावर जाईल, बायको गडवा हिसकतच राहील. हो म्हटलं तर तिच्या हिमतीत पाटलाच्या घरचा हात लागतो. आणि तोही वरून खाली आलेला.

त्या दिवसांत मी फार फिरलो. तलावाच्या पाळीवर जायचो, परत यायचो. विहाराच्या ओट्यावर माझ्या वयाचा एक सोबती बसतो, मिलमध्ये आम्ही एकाच पोत्याला दोन्हीकडून हात लावलेले. त्याला मी अर्धंमुर्धं सांगितलं. तो म्हणाला, गप राह्य. आपल्या लेकरांना हिसकणारी आजी पाहिजे, मांगून घेणारी नाही. मी म्हटलं, तिनं मांगितलं नाही. तो म्हणाला, तेच ते. मला त्याचं पटलं. घरी येईपर्यंत पटलं.

घरी आल्यावर आठवलं की मी ही गोष्ट सांगायला लागलो की ती उठून आत जायची. पाहुणे असले, जेवणं झालेली असली, तरी चूल पेटवायला जायची. कायले सांगत बसता, एवढंच म्हणायची. मला वाटायचं, लाजते. लाजणारी बाई ती कधीच नव्हती. बाजारात भाव करताना माणसं गोळा व्हायची.

मग एक दिवस जाडं पोरगं पळत आलं. आबाजी, चला, चित्र जमून नाही राहिलं. तलावाखालच्या एका बांधीत उन्हाळी धानासाठी चिखल केला होता, तिथं बाकीचे तिघं होते. चित्रं काढणाऱ्याची अडचण अशी की हिसकतानाचे हात त्याला काढता येत नव्हते. वरची बाई इथं, खालची इथं, मग हात कुठं जाईल? म्हणून ते करून पाहत होते. जाडं पोरगं गडवा घेऊन धुऱ्यावर उभं राहिलं, हात वर करून. उंच पोरगी खाली चिखलात, पिंडऱ्यांपर्यंत फसलेली. तिनं उडी मारली तर पाय निघेना, ती तोंडावर पडली. मग तो खाली आला आणि ती वर गेली. तो बसकण मारून पडला. पाणी सगळं चिखलात.

"तुम्ही करून पाहा ना आबाजी," चित्रवाला म्हणाला.

माझ्या या वयात. पण धोतर वर खोचून उतरलो. उंच पोरगी धुऱ्यावर ताठ उभी, गडवा डोक्याच्या वर. मी पोती उचललेला माणूस, हात माझे अजून लांब आहेत. ओढायला गेलो, डावा पाय तसाच आत, उजवा सरकला, आणि माझा हात तिच्या मनगटाच्या कितीतरी खाली हवेत फिरला. पोट्ट्यांनी दोन्हीकडून धरलं म्हणून वाचलो.

बारकी पोरगी इतक्या दिवसांत एक शब्द बोलली नव्हती. नाक पुसून म्हणाली, "खालून हिसकताच नाही येत. वरच्याले वाकाच लागते."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. पॅडवर काय लिहायचं ते उंच पोरगीला कळेना. माझी गोष्ट तर तिथं लिहिलेली होती.

"चला," मी म्हटलं.

चिखलानं भरलेले पाय घेऊन आम्ही पाटलीणबाईच्या सारवलेल्या अंगणात गेलो. तिची सून ओरडणार होती, पण म्हातारीनं हात केला. तिनं माझ्या धोतराकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"सांगा," मी म्हटलं.

तिनं सांगितलं. मला सांगितलं तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. आतून तिचा मुलगा दारात येऊन उभा राहिला, त्यानंही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. बारकी पोरगी एकदा बोलली होती, आता थांबेना. तिनं विचारलं, "मंग तुम्ही काऊन वाकल्या?"

पाटलीणबाई म्हणाली, "ते हात समोर करेना, आन् मले गडवा तसाच घरी नेता येत नोहोता. ते त चिखलात फसली होती. दोघीतून वाकाले मीच मोकळी होती." मग शेंगांचं सूप बाजूला करून म्हणाली, "आन् वरून धार सोडनं मलेबी बरं वाटत नोहोतं. ढोराले पाजल्यावानी."

उंच पोरगीनं माझ्याकडे वळून विचारलं, "आबाजी, तुमचं आधीचं खोडू का?"

"खोडू नको," मी म्हटलं. "खाली लिही, आबाजीनं ऐकलं होतं ते असं होतं."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर तक्ते लागले. हॉटेलच्या गटानं लिहिलं होतं, हॉटेलवाल्याचा मुलगा म्हणतो सगळ्यांचे कप एकच होते, आणि दोन मोहल्ल्यांतले दोन म्हातारे म्हणतात आमचे कप बाहेर कोनाड्यात होते, आम्हीच विसळायचो. दोन्ही लिहिलं होतं, एकाखाली एक. हॉटेलवाल्याचा मुलगा ते वाचून निघून गेला. शाळेच्या गटाच्या तक्त्यावर ओट्याचं चित्र होतं. ओटा अजून तोच आहे, फरशी नवी. आमच्या गटाच्या तक्त्यावर चित्रवाल्यानं वाकलेली बाई काढली होती. खालच्या बाईला हातच नव्हते. माझा सोबती बराच वेळ तक्त्यासमोर उभा होता. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बुढ्या, आपली गोष्ट खराब केलीस तू."

"गोष्ट आपली होती," मी म्हटलं. "बाई माही होती."

 तो निघून गेला नाही, माझ्या बाजूलाच बसला, नळाजवळ.

मग नाटक. मॅडमनं पटांगणात विटा मांडून धुरा केला होता. उंच पोरगीनं पाटलीण व्हायला नकार दिला, तिला माझी बायको व्हायचं होतं. पण मॅडमनं बारक्या पोरीला उभं केलं, कारण प्रश्न तिनं विचारला होता. बाकीची पोरं वाकून पऱ्हे लावत होती. बारकी उठली, विटांशी आली आणि तिनं दोन्ही हात मागं घेतले. समोर बसलेल्यांना तिचं तोंड दिसत होतं. मी बाजूला होतो, मला हात दिसले. तिनं हट्टानं खरा चिखल लावला होता. तो वाळून पांढरा पडत होता, आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली.

हे हात मी पाहिले होते. गाय विकायची म्हणून दोर मागितला तेव्हा दारात असेच. धाकट्याला शाळेतून काढून मिलमध्ये लावतो म्हटलं तेव्हा असेच. आणि शेवटी, सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाला की नागपूरला न्या, तेव्हा खाटेवर बसल्या बसल्या दोन्ही हात मागं. मी नर्सला म्हटलं होतं, सुईला भिते.

माझ्याच्यानं बसवलं नाही. उठलो आणि शाळेच्या मागून घरी आलो. मागं टाळ्या वाजल्या.

दिवसभर एकच प्रश्न डोक्यात. मला काऊन नाही सांगितलं? इतकी वर्षं एका चुलीचं खाल्लं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारत राहिलो. मला सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विहारात उभा राहून सांगितलं असतं, आणि पाटलाच्या घरी त्या पोरीचं काय झालं असतं ते झालं असतं. बायको मला ओळखून होती.

दिवस कलला तेव्हा खाट सांदवाडीत होती. पाटलीणबाई काठी टेकत आली, एकटी. सरळ खाटेवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. दबून नाही, मोठ्यानं, जसं घरचं माणूस गेल्यावर बाया रडतात तसं. आमच्या वस्तीतली माणसं कुपाच्या काट्यांशी जमली. सोबतीही आला. कोणी विचारलं नाही ती कायले रडते म्हणून. सकाळी सगळ्यांनी पाहिलं होतं.

सून पाणी घेऊन आली. खाट पाटलीणबाईनं घेतली होती, त्यामुळे मला बसायला जागा नव्हती. मी आत गेलो, बाहेर आलो, परत आत गेलो. मग काही सुचेना म्हणून चूल पेटवायला बसलो. चहा मला करता येत नाही, पण तेवढ्यात सून आली आणि म्हणाली, मामाजी, सरका.